आधी हळू, मग अजिबात नाही : पिल्लाच्या चावण्याचं गणित

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरण करून होती तिथेच सोडा, असं सांगितलं. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हटवण्याचा आदेश आला. तेव्हापासून ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा, पार्किंग आणि पाण्याच्या जोडीला कुत्रा हा तिसरा कायमचा विषय झाला आहे.

त्याच सोसायटीत सातव्या मजल्यावर कुणीतरी नुकतंच लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलेलं असतं आणि त्या घरातल्या प्रत्येकाच्या मनगटावर ओरखडे असतात. मी वर्तकनगरला राहते, घरात वर्षानुवर्षं कुत्री आहेत, त्यामुळे ओळखीपाळखीतल्या पिल्लांच्या तक्रारी फिरत फिरत माझ्याकडे येतात. पूर्वी लोक विचारायचे, "ताई, हे चावायचं कधी थांबेल?" आता विचारतात, "हे मोठं होऊन चावरं तर निघणार नाही ना?"

खेळताना चावणारं पिल्लू पुढे चावरं कुत्रं होतं, असं मुळीच नाही. खरं सांगायचं तर जे पिल्लू कधीच कुणाला दात लावत नाही, कोपऱ्यात शहाण्यासारखं बसून राहतं, त्याची मला जास्त काळजी वाटते. ते का, हे कळायला चावणं म्हणजे पिल्लाच्या लेखी काय असतं, तिथून सुरुवात करावी लागेल.

पिल्लाला हात नाहीत

समोर नवी वस्तू आली की तान्हं बाळ ती धरतं आणि तोंडात घालतं. पिल्लाला धरायला हातच नाहीत, त्यामुळे त्याचं सगळं काम थेट तोंडाने. चप्पल मऊ आहे का, मोजा ओढला तर काय होतं, या माणसाचं बोट हलतं म्हणजे ते जिवंत आहे का, या सगळ्याचा तपास दातांनीच होतो. त्यात राग नसतो.

दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास यायला लागतात आणि सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण २८ दात तोंडात असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत कायमचे ४२ दात आलेले असतात. दुधाचे दात बारीक आणि कमालीचे टोकदार असतात, पण त्यामागचा जबडा मात्र अगदी कमजोर. ही जोडी आपल्याला त्रासाची वाटते. पिल्लाच्या शिक्षणासाठी मात्र ती फार सोयीची आहे. जबड्यात ताकद नाही म्हणून इजा किरकोळ होते, पण दात टोकदार म्हणून समोरच्याला लागतं आणि तो ताबडतोब बोलून दाखवतो. म्हणजे चूक स्वस्तात पडते आणि तिचा निकाल जागच्या जागी कळतो. सहा महिन्यांनंतर हे समीकरण उलटतं. जबड्यात ताकद येते, तेव्हा चुकणं महागात जातं. जे काही शिकवायचं, ते दुधाच्या दातांच्या काळात शिकवून घेण्याचं कारण हेच.

भावंडांची शाळा

उपवन तलावाकाठी एका चहाच्या गाडीमागे एका कुत्रीची चार पिल्लं होती. सकाळी फिरायला गेले की मी तिथे रेंगाळायचे. एक तपकिरी, पुढचा एक पाय पांढरा. हे सगळ्यात दांडगट. ते एका काळ्या पिल्लाचा कान धरून ओढत होतं. काळं केकाटलं, कान सोडवून घेतला आणि पाठ फिरवून सरळ गाडीच्या चाकामागे जाऊन बसलं. तपकिरी जागच्या जागी उभं. खेळायला कुणी नाही. ते दोन पावलं पुढे आलं, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर केला (पिल्लांच्या जगात याचा अर्थ "चल ना, खेळू"), आणि वाट बघत राहिलं. थोड्या वेळाने काळं आलं. पुन्हा कुस्ती, पुन्हा तोच कान, पण या खेपेला धरला तो नुसता ओठांत. काळ्याने काही तक्रार केली नाही.

शिक्षण झालं ते इतकंच. कुणी ओरडलं नाही, मारलं नाही. जोरात धरलं की खेळ बंद, हळू धरलं की खेळ चालू. दिवसातून कितीतरी वेळा हे घडतं, भावंडांबरोबर आणि आईबरोबरही. कॅरम खेळणाऱ्याला स्ट्रायकरला किती जोर द्यायचा हे कुणी तोंडी शिकवू शकत नाही. सोंगटी बोर्डाबाहेर उडाली, डाव फुकट गेला, असं होता होताच बोटाला अंदाज येतो. पिल्लाच्या जबड्याला येणारा अंदाज याच जातीचा आहे.

आता आपल्याकडची खरी अडचण. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात पाच आठवड्यांचं पिल्लू "दोन महिन्यांचं आहे, मॅडम" म्हणून हातात ठेवलं जातं, कारण जितकं लहान तितकं गोंडस आणि तितकं लवकर खपतं. भावंडांच्या शाळेतले सर्वांत महत्त्वाचे आठवडे असे हुकतात. पावसाळ्यात गटाराशेजारी एकटं सापडलेलं पिल्लू घरी आणून बाटलीने वाढवलं, तरी तेच होतं. अशी पिल्लं सहसा जोरात चावतात आणि घरचे म्हणतात, जातच तशी. जातीचा इथे फारसा संबंध नाही. त्यांचा वर्गच बुडाला आहे, आणि तो आता माणसांना घ्यायचा आहे.

आधी जोर, मग दात

या जबड्याच्या अंदाजाला शास्त्रीय भाषेत 'बाइट इन्हिबिशन' म्हणतात : दात लागले तरी ते किती जोराने लागू द्यायचे यावर कुत्र्याचा असलेला ताबा. आयन डनबार या ब्रिटिश पशुवैद्याने १९८०च्या दशकापासून ही कल्पना सर्वसामान्य श्वानपालकांपर्यंत पोहोचवली. त्यांच्या पद्धतीचा गाभा हा, की दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवायच्या आणि क्रमाने शिकवायच्या. आधी हळू चावायला शिकवायचं. ते जमलं, की मग चावायचंच नाही हे शिकवायचं.

पहिल्यांदा ऐकलं की हे विचित्र वाटतं. चावायचं नाहीच, तर हळू चावायला कशाला शिकवा? पहिल्या दिवसापासून सरळ "नाही" का म्हणू नये?

कारण कुत्रं आयुष्यभर आपल्या मर्जीच्या परिस्थितीत राहणार नाही. दिवाळीत फटाक्यांनी ते भेदरलेलं असेल आणि कुणीतरी त्याला पलंगाखालून ओढून काढेल. लिफ्टचं दार शेपटीवर बंद होईल. झोपेत असताना पाहुण्यांचं मूल धावत येऊन त्याच्या अंगावर पडेल. अशा वेळी कुठलंही कुत्रं, कितीही गुणी असो, मान वळवून तोंड लावू शकतं. त्या क्षणी "चावायचं नाही" हा नियम आठवायला त्याला सवडच नसते. उपयोगी पडतो तो जबड्यात मुरलेला अंदाज. तो असेल तर कातडीवर ओलसर ठसा उमटतो, नसेल तर टाके पडतात.

डनबार यांनीच चाव्यांची सहा पायऱ्यांची एक पट्टी तयार केली आहे. पहिल्या पायरीवर कुत्रं हवेत तोंड मारतं, कातडीला दात लागतच नाहीत. दुसरीवर दात लागतात, पण कातडी फुटत नाही. तिसरीवर एका चाव्यात एक ते चार जखमा होतात, पण कुठलीच सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल नसते. चौथीवर निदान एक जखम त्याहून खोल असते. पाचवीवर तसे अनेक चावे, आणि सहावीवर बळी. कुत्रं किती चिडलं होतं हे या पट्टीवर मोजलंच जात नाही, त्याने जबड्याला किती आवर घातला ते मोजलं जातं. पहिल्या दोन पायऱ्यांवरचं कुत्रं भडकलं असेल, पण त्याला अंदाज आहे. चौथीवरच्याला तो नाही, आणि मोठेपणी तो शिकवणं अतिशय अवघड असतं.

पहिल्या दिवसापासून "दात लावायचेच नाहीत" म्हणून दरडावलेल्या पिल्लाला हा अंदाज घ्यायची संधीच मिळत नाही. कोपऱ्यात शहाण्यासारखं बसणाऱ्या पिल्लाची काळजी मला वाटते, ती याचसाठी.

प्रत्यक्षात करायचं काय

आमच्याच इमारतीत बुंदी नावाची लॅब्रॅडॉरची पिल्ली आली, तेव्हा दहा आठवड्यांची होती. घरातली मुलगी जमिनीवर मांडी घालून बसलेली, बुंदी तिच्या हाताशी झटतेय. नुसतं तोंडात धरून चाळा चालला होता तोवर मुलीने काही केलं नाही. मग बुंदीने अंगठ्याखालचा मऊ भाग पकडला आणि दाबला. मुलगी "आई गं" एवढंच म्हणाली, हात सैल सोडला, उठली आणि खोलीच्या दारातल्या अडसरापलीकडे जाऊन पाठमोरी उभी राहिली. मनात वीसपर्यंत मोजलं, परत आली आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा मांडी घालून बसली.

एवढंच, पण त्यातल्या बारकाव्यांवर सगळं अवलंबून आहे. हात झटक्यात ओढायचा नाही, कारण पळणारी वस्तू पकडावी हे पिल्लाच्या रक्तातच आहे. ओढलेला हात त्याला आणखी चेव आणतो. उठायचं ते दात लागल्या लागल्या, दोन-तीन सेकंदांच्या आत. अर्ध्या मिनिटाने उठलात तर पिल्लाला दोन्हींचा संबंध लागत नाही. बाहेर राहायचं तेही थोडाच वेळ. दहा मिनिटांत पिल्लू मूळ प्रकरण विसरून सोफ्याच्या पायाकडे वळलेलं असतं. आणि परत यायचंच. परत आल्यावर हळू खेळलं की खेळ चालू राहतो, हा धड्याचा दुसरा अर्धा भाग तेव्हाच शिकवला जातो.

पहिले काही दिवस फक्त सगळ्यात जोराच्या चाव्यांवर उठायचं. ते थांबले की मध्यम चाव्यांवर. मग त्याहून हलक्यांवर. असं करत करत नुसता दाताचा दाबही चालत नाही इथवर यायचं, आणि शेवटी कातडीला दात लागले की खेळ थांबला, इथे पोहोचायचं. साधारण साडेचार-पाच महिन्यांचं होईपर्यंत इथवर आलात तर उत्तम. सोबत प्रत्येक वेळी तोंडात द्यायला काहीतरी हवं : दोरीचं खेळणं, गाठ मारलेली जुनी चादर, रबरी कोंग (आत खाऊ भरता येतो असं पोकळ खेळणं). नुसतं "हात नको" म्हटलं तर तोंडाचं करायचं काय, हा प्रश्न पिल्लाला पडतोच. खेळणं लांबट असावं, म्हणजे त्याचे दात आणि तुमची बोटं यांत अंतर राहतं.

पिल्लासारखं केकाटून दाखवा, असाही सल्ला सगळीकडे मिळतो. काही पिल्लं त्याने खरंच दचकून थांबतात. बरीचशी मात्र, विशेषतः दमलेली किंवा मुळातच धसमुसळी, त्या आवाजाने आणखी चेकाळतात. दोनदा करून बघा, आणि जोर वाढला तर सोडून द्या. काम करतं ते उठून जाणं; आवाज ही फक्त खूण आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हे सुरू केल्यावर मध्येच चार-पाच दिवस असे येतात की चावणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. जी युक्ती कालपर्यंत चालत होती ती बंद पडली, की प्राणी सोडून देण्याआधी ती जोर लावून पुन्हा करून बघतो. नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी वैतागून पद्धत बदलतं. बाबा उठून जातात आणि काका मात्र "मला काही होत नाही" म्हणत हात पुढे करून कुस्ती खेळतात, असं असेल तर परिणाम आणखी वाईट. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर दाखवून दिलं होतं, की बक्षीस प्रत्येक वेळी न मिळता अधूनमधून मिळालं तर ती सवय मोडायला सर्वांत चिवट होते. पाचातून एकदा जरी चावून खेळायला मिळत असेल, तर पिल्लू पाचही वेळा चावून बघणार. तेव्हा काकांना आवरा.

संध्याकाळचं वेड

"दिवसभर देवासारखं असतं, संध्याकाळी सातनंतर अंगात येतं," ही तक्रार मला घरोघरी ऐकू येते. कारण सरळ आहे. या वयाचं पिल्लू दिवसातले १८ ते २० तास झोपायला हवं. ठाण्यातल्या घरात सात ते नऊ या वेळात लोकलने आलेला एकेक जण दारातून आत येतो, प्रत्येक जण पिल्लाला उचलतो, टीव्ही चालू असतो, मुलांचा क्लास सुटलेला असतो. पिल्लाची झोप मोडते, पण थांबायचं कसं हे त्याला कळत नाही. दमलेलं पिल्लू पेंगत नाही, ते सुसाट सुटतं आणि दिसेल त्याला चावतं. अशा वेळी धडे देण्यात अर्थ नाही. शू करवून आणा, चघळायला काहीतरी द्या आणि त्याच्या कोपऱ्यात किंवा पिंजऱ्यात, पंख्याखाली, दिवा मंद करून झोपवा. दहा मिनिटांत घोरायला लागतं. चावण्याच्या निम्म्या तक्रारी झोपेनेच सुटतात, असं माझं मत आहे.

दात पडायच्या महिन्यांत हिरड्या शिवशिवतात. ओलं करून पिळलेलं, गाठ मारलेलं फडकं फ्रीजरमध्ये ठेवून द्या. थंडगार गाजरही आवडीने चघळतात. फडक्याचे तुकडे गिळत नाही ना, इकडे लक्ष ठेवा. शिजवलेली हाडं नकोत. ती फुटून त्यांच्या फाका घशात किंवा आतड्यात घुसतात.

"आमच्या वेळी दोन फटके दिले की कुत्रं सरळ व्हायचं"

व्हायचं, हे खरं आहे. निदान तसं दिसायचं. नाकावर टिचकी, जबडा दाबून धरणं, उताणं पाडून छातीवर हात ठेवणं, हे सगळे उपाय कुठल्या ना कुठल्या आजोबांकडून किंवा ट्रेनरकडून आलेले असतात. पिल्लाला "घरात बॉस कोण" ते दाखवलं पाहिजे, अशी त्यामागची समजूत.

ही समजूत लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे कुंपणाआड एकत्र ठेवलेले प्राणी वर्चस्वासाठी झगडताना दिसले. डेव्हिड मीच या अमेरिकन संशोधकाने १९७०च्या आपल्या पुस्तकात हीच कल्पना लोकप्रिय केली. मग त्यांनीच कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं : आई, बाप आणि त्यांची पिल्लं. सिंहासनाची लढाई तिथे नसते. लांडग्यांचंच हे असं, तर दिवाणखान्यात मोजा चावणाऱ्या नऊ आठवड्यांच्या जीवाला सत्ता हवी आहे असं मानायचं कशाला?

फटक्याचा खरा तोटा पुढे दिसतो. एक तर माणसाचा हात तोंडाजवळ आला की काहीतरी वाईट होतं, हे पिल्लू शिकतं. मग पशुवैद्याने तोंड उघडून बघायचं म्हटलं की अडचण. दुसरं जास्त गंभीर आहे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, पण ज्यामुळे गुरगुरत होतं ती भीती तशीच राहते. म्हणजे इशारा गेला आणि चावा उरला. "काही न सांगता एकदम चावलं" अशी जी कुत्री असतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची बोलती आपणच कधीतरी बंद केलेली असते. गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे आभार मानावेत आणि मागे व्हावं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१च्या निवेदनात तर कुठल्याही शिकवणीसाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापरा, असं स्पष्ट म्हटलं आहे.

मुलं, मावशी आणि फरशीचं फडकं

लहान मुलं पिल्लाची सगळ्यात आवडती शिकार असतात आणि त्यात मुलांचा दोष नसतो. ती किंचाळतात, हात उंच करतात, पळतात. या तिन्ही गोष्टी पिल्लाला "पकड मला" असंच सांगतात. मुलांना एकच गोष्ट शिकवा : पिल्लू अंगावर आलं की झाड व्हायचं. हात छातीशी दुमडून, गप्प, जमिनीकडे बघत उभं राहायचं. न हलणाऱ्या झाडाचा पिल्लाला पटकन कंटाळा येतो. मोठं माणूस खोलीत नसताना पाच-सहा वर्षांचं मूल आणि पिल्लू यांना एकत्र ठेवू नका, कितीही गुणी असोत दोघं.

फरशी पुसायला येणाऱ्या मावशींची तक्रार मात्र कुणी ऐकूनच घेत नाही. ओलं फडकं जमिनीवरून डावीकडून उजवीकडे सरकतंय, त्यामागे साडीचा काठ हलतोय. पिल्लाच्या दृष्टीने याहून चांगला खेळ जगात नाही. "आमचं काही करत नाही हो" म्हणून त्यांना निभवायला लावणं चूक आहे. त्यांच्या कामाच्या अर्ध्या तासात पिल्लाला दुसऱ्या खोलीत खाऊ भरलेलं खेळणं देऊन ठेवा. लेगिंग, ओढणी, पायजम्याचं टोक यांनाही तोच नियम : ओढू नका, जागच्या जागी थांबा, नाकासमोर खेळणं धरा.

पिल्लाचं जग याच वयात मोठं करायचं असतं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत ते जे शांतपणे पाहतं, ते त्याला पुढे भीतीचं वाटत नाही, आणि मोठ्या कुत्र्यांचे बरेच चावे भीतीतून येतात. लसी पूर्ण झाल्या नाहीत म्हणून रस्त्यावर सोडता येत नसेल, तर कडेवर घ्या. रिक्षाचा आवाज, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, छत्री उघडणारे आजोबा, तलावपाळीची गर्दी. सगळं लांबून, हातात खाऊ देत दाखवा.

पण रेबीजचं काय?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि पिल्लांनाही रेबीज होऊ शकतो. "इतकं छोटं आहे, त्याला कसला रेबीज" हा धोकादायक समज आहे. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात, म्हणजे चावण्याचा भर असतो तेव्हा त्याला ती बहुधा मिळालेलीच नसते.

दात किंवा नख लागून कातडी खरचटली तरी जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. पंधरा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. मग डॉक्टरांकडे जायचं आणि पिल्लू कुठून आलं, त्याच्या आईला लस होती का, ते बरं आहे का, हे सगळं सांगायचं. नुसतं अखंड कातडीला चाटलं तर उपचार लागत नाहीत. रक्त न येता खरचटलं तर लस लागते, आणि कातडी फुटून दात आत गेला असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. दंडावर कातडीत देतात ती लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. स्नायूत दिली तर चौदावा दिवसही धरून पाच वेळा. पूर्वीच्या पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून आज्यांच्या मनात आहे, ती काढून टाका. महापालिका आणि सरकारी रुग्णालयांत लस मिळते.

रस्त्यावरचं पिल्लू घरात घेणार असाल, तर घेण्याच्या आठवड्यातच आपल्या डॉक्टरांशी बोला. घरच्यांना आधीच प्रतिबंधक लस घेता येते, आणि मग प्रत्येक ओरखड्यागणिक वाटणारी धास्ती कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार, रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्या माणसांत ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात. मूल ओरडा बसेल म्हणून चावा लपवतं. त्याला आधीच सांगून ठेवा, की सांगितल्याबद्दल कुणी रागावणार नाही, पिल्लालाही नाही आणि त्यालाही नाही.

खेळ नसतो तेव्हा

खेळणारं पिल्लू सैल असतं. अंग वाकडंतिकडं होतं, शेपूट मोकळी हलते, उड्या मारतं, मध्येच थांबून पुन्हा बोलावतं. खेळातही गुरगुरतं, पण तो आवाज चढउताराचा, नाटकी असतो. काळजी करायची ती अंग ताठ झालं तर. पिल्लू एकाएकी गोठल्यासारखं थांबतं, तोंड घट्ट मिटतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, आवाज खोल आणि सपाट येतो. हे बहुधा खाण्याच्या भांड्याशी, चघळायच्या वस्तूशी किंवा झोपलेल्या जागी दिसतं.

तेव्हा भांडं हिसकावून "माझंच आहे" हे दाखवायला जाऊ नका. त्याला जी भीती होती ती खरी ठरते. उलट करा. पिल्लू जेवत असताना चार पावलांवरून चिकनचा तुकडा किंवा पनीर भांड्याच्या दिशेने टाका आणि निघून जा. काही दिवसांत तुमची पावलं ऐकून ते आनंदाने मान वर करायला लागलं, की एक पाऊल जवळून टाका. चपलेसारखी वस्तू तोंडातून काढायची असेल तर तिच्या बदल्यात काहीतरी जास्त चांगलं द्या.

एवढं करूनही ताठ होणं वाढत असेल, अनोळखी माणसाला बघून पिल्लू मागे सरकत चावायला धावत असेल, किंवा अंगाला हात लावला की एखाद्याच ठिकाणी कळवळून उलटत असेल, तर पशुवैद्याला दाखवा. कानाचं दुखणं, किडका दात, पायाची मुरड अशी दुखणीही चावण्यामागे असतात. जाताना मोबाइलवर एखाद-दुसरी क्लिप असू द्या, कारण दवाखान्याच्या टेबलावर प्रत्येक पिल्लू भेदरून गप्प बसतं. फक्त क्लिप मिळावी म्हणून त्याला मुद्दाम चिडवू नका. लांबून, जे आपोआप घडेल तेवढंच टिपा, आणि त्याआधी काय झालं होतं ते एका ओळीत लिहून ठेवा : किती वाजले होते, कोण जवळ होतं, तोंडात किंवा पायाशी काय होतं.